टेकडीवरची नागमोडी वाट

आज डोळे मिटायचे नाहीत. उघडेच राहू देत.

पाठ टेकून बसा. पावलं जमिनीला लागू देत. हातातलं काम थोडा वेळ थांबेल.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता समोर एक टेकडी पाहा.

फार उंच नाही. मऊ मातीची, थोडी हिरवी, थोडी तपकिरी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक वाट गेली आहे. डावीकडे जाते, वळते, उजवीकडे जाते, पुन्हा वळते. लहान मुलानं पेन्सिल न उचलता पाटीवर ओढलेल्या रेघेसारखी.

माथ्यावर एक झाड. एकटंच.

टेकडी. वाट. झाड.

पाहत राहा.

वाटेच्या खालच्या टोकाला काहीतरी हलतंय. लहानसा ठिपका. तो एक मुलगा आहे. धावतोय. वळण आलं तरी वेग कमी करत नाही. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. ठिपका वर सरकतो.

त्याच्या छातीशी, कपड्याच्या आत, एक वही आहे.

वही त्याची नाही.

इतकंच पाहू आधी. पुढे काय होतं याची घाई नको. तो धावतोय. आपण बसलो आहोत. त्याचा श्वास जोरात चाललाय. आपला शांत आहे.

त्याला वर जाऊ द्या.

*

ही टेकडी इराणच्या उत्तरेला आहे, गिलान प्रांतात. मुलाच्या गावाचं नाव कोकेर. टेकडीपलीकडे दुसरं गाव, पोश्ते.

अब्बास किआरोस्तामी यांनी १९८७ साली इथे एक सिनेमा केला. फारसीत त्याचं नाव ‘खाने-ये दूस्त कोजास्त’. मित्राचं घर कुठे आहे?

दीड तासाचाही नाही. गोष्ट एवढीशी, की एका मुलाला आपल्या मित्राची वही परत करायची आहे.

घर आणि दिशा हे दोन शब्द मनात आले, की आवडत्या सिनेमांतली कितीतरी दृश्यं समोर येतात. त्यांना येऊ देते, जाऊ देते. हळूहळू सगळी मागे सरकतात आणि ही टेकडी उरते.

म्हणून तुम्हाला इथे घेऊन आले.

पुन्हा एक श्वास. खोल घ्यायची गरज नाही. जसा येतो तसा.

*

आता थोडं मागे जाऊ. सकाळ आहे. शाळा आहे.

समोर वर्गाचं दार. नीट न लागलेलं, जरासं हलणारं. आत मुलांचा गोंगाट.

मास्तर येतात. गोंगाट बंद.

मास्तर गृहपाठ तपासू लागतात. महंमद रझा नेमतझादे नावाचा एक मुलगा आहे. त्यानं गृहपाठ केलाय, पण वहीत केलेला नाही. सुट्या कागदावर केलाय. मास्तर तो कागद फाडतात. पुन्हा असं झालं तर शाळेतून काढून टाकीन, म्हणतात.

महंमद रझा रडतो.

पण आपण त्याच्याकडे पाहायचं नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहायचं. त्याचं नाव अहमद.

अहमद काही बोलत नाही. तो फक्त मित्राकडे पाहतो. डोळे मोठे होतात. मान खाली जाते, पुन्हा वर येते.

दुसऱ्याचं रडणं एका लहान मुलाच्या चेहऱ्यात कसं उतरतं, ते इथे दिसतं. अभिनय शिकवून हे येत नाही. पडद्यावर हे दोघे शेजारी बसणारे मित्र आहेत, आणि खरे सख्खे भाऊ आहेत. अहमदचं काम बाबक अहमदपूरनं केलंय, महंमद रझाचं त्याच्या भावानं.

भावाचं रडणं भाऊ पाहतोय.

इथे थांबा.

तुमच्या शेजारी बसून कधी कोणी असं रडलं होतं का? शाळेच्या बाकावर, एसटीत, दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर?

नाव आठवायची गरज नाही. चेहरा येऊ दे. तो आला, की थोडा वेळ राहू दे.

*

अहमद घरी येतो. दप्तर उघडतो.

आतून दोन वह्या निघतात. दोन्हींचा पुठ्ठा सारखाच.

तो त्या शेजारी शेजारी ठेवतो. एक त्याची. दुसरी महंमद रझाची, चुकून आलेली.

त्याचे हात पाहा. दोन वह्यांवर थांबलेले.

मागे अंगणात आई कपडे धुतेय. तान्हं मूल रडतंय. पाण्याचा आवाज आहे. आई सांगते, गृहपाठ कर. अहमद सांगतो, वही द्यायला जायचंय. आई सांगते, गृहपाठ कर. अहमद पुन्हा सांगतो. आई पुन्हा सांगते.

आई वाईट नाही. तिच्या हातात पिळायचे कपडे आहेत, कानात बाळाचं रडणं आहे. तिच्यापर्यंत शब्द पोहोचत नाहीत, एवढंच.

कुठे राहतो तो, असं ती विचारते तेव्हा अहमद सांगतो, पोश्तेला.

हाच सगळा पत्ता. गल्ली नाही, घराची खूण नाही. फक्त गावाचं नाव.

मग आई त्याला पाव आणायला पाठवते, आणि तो वही कपड्यात लपवून धावत सुटतो.

आता तुमचा हात छातीवर ठेवा. हलकेच. जिथे त्यानं वही धरलीय, तिथे.

हाताखाली काय आहे? ऊब. ठोका. कापडाचा स्पर्श.

हात तिथेच असू दे.

अहमदला घर माहीत नाही. वाट कुठे संपेल हे माहीत नाही. पण पाय कुठल्या बाजूला टाकायचे, याबद्दल त्याला एका क्षणाचाही प्रश्न पडत नाही. मोठ्या माणसांच्या कितीतरी गोष्टींत नायक दिशा शोधत फिरतात. या मुलाची दिशा त्याच्या छातीशी आहे. तिच्या पुठ्ठ्याचा कोपरा त्याला टोचत असेल.

पुन्हा टेकडी.

पुन्हा ठिपका.

या वेळी आपणही थोडं त्याच्याबरोबर चढू. उजवीकडे. वळण. डावीकडे. वळण.

श्वास.

*

किआरोस्तामी तेहरानचे. जन्म १९४०चा. चित्रकला शिकत असताना पोटासाठी त्यांनी वाहतूक पोलिसांकडे नोकरी केली. पुढे आयुष्यभर ते रस्त्यांकडे पाहत राहिले. मोटारीच्या काचेतून दिसणारे रस्ते, डोंगरावरून उतरणारे रस्ते, बर्फातले रस्ते. त्यांचे फोटो काढले, त्यांच्यावर लघुपट केला. गाड्या, टेकड्या, एकेकटी झाडं त्यांच्या सिनेमांत पुन्हा पुन्हा येतात.

मला ते आवडतं. एकाच गोष्टीकडे इतका काळ पाहणारा माणूस भेटला, की आपलीही नजर स्थिर होते.

आपण पण पाहू.

या वाटेला इतकी वळणं का आहेत, असं मनात येईल. येऊ दे. उत्तर शोधू नका. वळणावर फक्त वळा.

*

मुलगा पोश्तेला पोहोचतो.

अरुंद गल्ल्या. दगडी पायऱ्या. मातीच्या भिंती. कुठेतरी कोंबड्या. तो प्रत्येकाला विचारतो. महंमद रझा नेमतझादे कुठे राहतो?

कोणाला माहीत नाही. कोणी म्हणतं, कुठला नेमतझादे? कोणी पुढे दाखवतं, कोणी मागे.

एका घरासमोर दोरीवर पँट वाळत घातलेली दिसते. तपकिरी. मित्राची असते तशीच. अहमद थांबतो. त्याला वाटतं, सापडलं.

पण नाही. ती दुसऱ्याचीच.

मग कळतं, ज्या ओळखीच्या मुलाला विचारायचं तो आत्ताच कोकेरला गेला. म्हणजे अहमद जिथून आला तिथेच. तो परत धावतो. तीच टेकडी, उलट्या बाजूनं. गावात एक माणूस भेटतो, लोखंडी दारं विकणारा, आडनाव नेमतझादे. तो गाढवावरून पोश्तेला निघतो. अहमद त्याच्या मागे. पुन्हा तीच टेकडी.

तोही वेगळाच नेमतझादे निघतो.

रागावत नाही हा मुलगा. रडतही नाही. चुकीचं दार लागलं, की तो तिथे क्षणभर उभा राहतो, आणि पुढच्या दाराकडे जातो.

ते क्षणभर उभं राहणं पाहा.

चुकीच्या दारासमोरचा तो एक क्षण. पुढचं पाऊल अजून उचललेलं नाही.

आपण तिथे कितीदा उभे असतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी. परक्या शहरात, भाड्याच्या खोलीच्या दारात, हातात किल्ली घेऊन. लग्नानंतर सासरी, पहिल्या संध्याकाळी, दिवा कुठे लावायचा हे माहीत नसताना.

त्यातल्या एका दारासमोर आज पुन्हा उभे राहा.

आत जायची गरज नाही. परत फिरायची गरज नाही. उभे राहा.

एक श्वास.

आणखी एक.

*

दुसऱ्या एका सिनेमातली दोन मुलं इथे येऊन बसतात. त्यांना बसू देऊ.

बंगालमधलं कासगवताचं रान. पांढरे तुरे माणसापेक्षा उंच. वारा आहे. दुर्गा पुढे, अपू मागे. सत्यजित राय यांचा १९५५चा ‘पथेर पांचाली’. हा प्रसंग त्यांनी पालसितजवळ चित्रित केला. अर्धा झाला, पुढच्या आठवड्यात परत गेले तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले. मग पुढच्या मोसमात रान पुन्हा फुलेपर्यंत वाट पाहिली.

फुलांसाठी वर्षभर थांबणं. त्या थांबण्याची शांतता त्या दृश्यात आहे, असं मला वाटतं.

दुर्गा विजेच्या तारांच्या खांबाला कान लावते.

तुम्हीही लावा.

आत काहीतरी घुमतंय. लांबून आलेलं, लांब जाणारं. शब्द नाहीत. फक्त गुंगुं.

कान तिथेच.

मग तुऱ्यांच्या पलीकडून आगगाडी येते. काळा धूर पांढऱ्या रानावरून जातो.

पुढे दुर्गा आजारी पडते. बरी झाले की पुन्हा गाडी बघायला जाऊ, असं अपूला सांगते. ती बरी होत नाही. घर सोडून सगळे बैलगाडीतून निघतात, आणि रिकाम्या घरात एक साप सरपटत शिरतो. घर पडीक झालं, हे त्या एका सरपटण्यात कळतं.

पुढच्या सिनेमात, ‘अपराजितो’त, अपू आगगाडीनं कलकत्त्याला शिकायला जातो. आई सर्वजया गावात घराजवळ बसून लांबून जाणारी गाडी पाहत राहते. लहानपणी ज्या आवाजामागे मुलं धावली, तो आवाज आता आई ऐकते.

ज्याची आई गावाकडे आहे, त्याला मी यावर आणखी काही सांगायला नको. पुण्या-मुंबईत असू, बंगळुरूत असू, दुबईत असू. तिकडे दुपारी दार लोटून घेण्याचा आवाज होतो. तिकडे कोणीतरी रस्त्याकडे एक नजर टाकतं.

तो आवाज ऐका.

तुमच्या घराच्या दाराचा. कडीचा. कोयंड्याचा. जुन्या बिजागरीचा. प्रत्येक घराचं दार वेगळं वाजतं, आणि झोपेतही आपल्याला आपलं ओळखू येतं.

ऐकू येतंय?

नसेल येत, तर घाई नाही.

*

परत पोश्तेला जाऊ. अंधार पडतोय.

अहमदला आता एक म्हातारे आजोबा भेटले आहेत. ते सुतार आहेत. या गावातली लाकडी दारं आणि खिडक्या त्यांच्या हातच्या. ते म्हणतात, चल, मी दाखवतो घर.

आणि ते चालू लागतात.

फार हळू.

अहमदला धावायचंय. घरी उशीर होतोय, पाव आणायचा राहिलाय, वही अजून छातीशीच आहे. आजोबांना धाप लागते. ते थांबतात. बोलतात. हे दार मी केलं, ती खिडकी मी केली. लोक आता लोखंडी दारं बसवतात. लाकडी दारं काढून शहरात नेतात, म्हणतात. काय करतात तिकडे त्यांचं, कोण जाणे.

गल्लीत खिडक्यांमधून दिव्याचा उजेड पडलाय. खिडकीची नक्षी समोरच्या भिंतीवर उमटलीय. चौकोन, तिरके पट्टे. दोघे त्या उजेडातून चालतात. अंधार. उजेड. अंधार. उजेड.

त्यांच्या चालीनं चला.

तुमच्या आत जे कोणी धावतंय, त्याला या आजोबांच्या शेजारी चालू द्या. ओढू नका त्याला. दटावू नका. शेजारी चालू द्या, एवढंच.

एक पाऊल.

थांबा.

एक पाऊल.

वाटेत पाणी आहे. आजोबा तोंड धुतात. एक छोटंसं फूल खुडतात आणि अहमदला देतात. वहीत ठेव, म्हणतात.

तो ठेवतो.

सबंध सिनेमात अहमदला वाट दाखवायला कोणीतरी खरंच बरोबर आलं, ते हे एकच. आणि त्यांनाही ते घर नीट दाखवता आलं नाही. अहमद पुढे जातो, परत येतो, वही अजून त्याच्यापाशीच आहे. आजोबांना वाटतं, काम झालं. तो त्यांना काही सांगत नाही.

ते न सांगणं किती मोठं आहे. आठ-नऊ वर्षांचं मूल, दिवसभर दमलेलं, घाबरलेलं, एका म्हाताऱ्या माणसाचं समाधान मोडत नाही.

त्या न बोलण्याजवळ थोडं बसू.

बाहेरचे आवाज येतात तसे येऊ देत. पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही. त्या सगळ्याच्या खाली, मनात, तुम्ही कोणाला तरी न सांगितलेलं काहीतरी आहे. त्याचं मन राखायला न सांगितलेलं.

ते तिथेच राहू दे. फक्त त्याच्याजवळ बसा.

*

आपल्याकडचेही एक आजोबा मला या गल्लीत दिसतात. ‘श्वास’मधले. संदीप सावंत यांचा २००४मध्ये पडद्यावर आलेला मराठी सिनेमा. अरुण नलावडे यांनी केलेले आजोबा, आणि छोटा परशा, म्हणजे अश्विन चितळे. कोकणातून दोघे पुण्याला आलेत. परशाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार.

शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर घेऊन जातात. शहर दाखवायला. जेवढं दिसेल तेवढं.

आजोबांचा हात पाहा. नातवाच्या हातात.

या क्षणी वाट त्या हातातच आहे.

तुमचे हात एकमेकांत घ्या. बोटं बोटांत. किती ऊब आहे त्यांत, ते पाहा.

पुढे परशा होडीतून घरी परत येतो. डोळ्यांवर काळा चष्मा. पाणी तेच, वारा तोच. आता घर त्याला ऐकून ओळखायचंय. अंगावर येणाऱ्या वाऱ्यानं, वल्ह्याच्या आवाजानं, काठावरच्या हाकेनं.

आता हवं तर डोळे मिटा. थोडाच वेळ. घरी कशानं पोहोचाल ते बघा. वासानं? पायाखालच्या जमिनीनं? कोणाच्या तरी खोकण्यानं?

श्वास.

मग उघडा.

*

रात्र आहे. अहमद घरी आहे.

तो जेवत नाही. बाजूला वडील रेडिओपाशी बसलेत. कोणी विचारत नाही, काय झालं. अहमद जमिनीवर वही घेऊन बसतो.

एकदम वाऱ्यानं दार उघडतं.

बाहेर अंधार. अंगणात वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं उडताहेत. आई ते गोळा करतेय. अहमद लिहिता लिहिता मान वर करतो आणि उघड्या दारातून पाहतो.

दिवसभर तो दुसऱ्याचं दार शोधत होता. आता त्याच्याच घराचं दार वाऱ्यानं उघडलंय.

मी हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहते. त्यात काही घडत नाही. वारा आत येतो. मूल पाहतं. आई कपडे गोळा करते. दिवसा जी आई ऐकत नव्हती, तीच आई, तेच कपडे.

वाऱ्याबरोबर राहा.

कपडे फडफडताहेत. तुमच्याही कानाशी थोडी हवा असेल. गालावर. मानेवर. तिला येऊ द्या.

मूल पुन्हा खाली पाहतं. लिहू लागतं.

*

सकाळ. वर्ग. मास्तर वह्या तपासताहेत.

महंमद रझाकडे वही नाही. त्यानं डोकं खाली घातलंय. अहमद अजून आलेला नाही.

मग दार वाजतं. अहमद येतो, शेजारी बसतो, वही सरकवतो. तुझा गृहपाठ मी केलाय, कुजबुजतो.

मास्तर येतात. पान उलटतात. ठीक आहे, म्हणतात. पान उलटतात.

पानावर ते फूल आहे. चपटं झालेलं. सिनेमा तिथे संपतो.

घर सापडलं नाही. वही पोहोचली.

या दोन वाक्यांमध्ये थोडी जागा आहे. तिथे बसा. मी काही बोलत नाही.

*

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचं सांगितल्याशिवाय मला उठता येत नाही.

२१ जून १९९०. मध्यरात्रीनंतर गिलानमध्ये मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं मातीत गेली. हजारो माणसं गेली. कोकेरही पडलं.

किआरोस्तामी मोटार घेऊन तिकडे निघाले. सिनेमातली ती दोन मुलं जिवंत आहेत का, एवढंच पाहायला.

त्या प्रवासावरून त्यांनी १९९२मध्ये दुसरा सिनेमा केला. त्यात एक दिग्दर्शक आपल्या मुलाला शेजारी बसवून गाडी चालवतोय. रस्ते बंद आहेत. तो प्रत्येकाला विचारतो, कोकेरला कुठून जायचं? मग आधीच्या सिनेमाचं पोस्टर दाखवतो. हा मुलगा पाहिलात का?

बघा. आता मोठा माणूस अहमद झालाय.

कोणाला माहीत नाही. कोणी पुढे दाखवतं, कोणी मागे.

भिंती पडल्यात. ढिगाऱ्यातून कोणी गालिचा ओढून काढतंय. कोणी भांडी धुतंय. एक तरुण तंबूंजवळ टीव्हीचा अँटेना उभारतोय. फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. घरातली माणसं गमावलेले लोक आज रात्रीची मॅच बघणार आहेत.

त्या अँटेनाकडे पाहा. काठी, तार, पडलेल्या घरांमधली.

मला इथे नेहमी रडू येतं, आणि ते दुःखाचं नसतं.

शेवटी एक चढ. गाडी चढते, घसरते, मागे येते. गॅसची टाकी घेतलेला एक वाटसरू तिला ढकलतो, आणि आपल्या वाटेनं चालू लागतो. गाडी खाली वळते. आपल्याला वाटतं, गेली. मग ती लांबून वेग घेऊन पुन्हा येते. चढ चढते. वर त्या माणसापाशी थांबते. तो टाकी ठेवतो आणि आत बसतो.

मुलं सापडली का, ते या सिनेमात दाखवलेलं नाही. १९९४च्या ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’मध्ये ती दोघं दिसतात. जिवंत. थोडी मोठी झालेली.

हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ खुर्चीतून उठले नाही.

तुम्हीही जरा वेळ उठू नका. श्वास येऊ दे, जाऊ दे.

*

आता एक शेवटचं.

हात पुन्हा छातीवर ठेवा.

तुमच्यापाशी कोणाची तरी वही आहे. पुस्तक असेल, उसने घेतलेले पैसे असतील, न दिलेलं उत्तर असेल, चुकून तुमच्याकडे राहिलेला डबा असेल. कोणाच्या आईनं सांगितलेला, पण पोहोचवायचा राहिलेला निरोप असेल.

ती कोणाची आहे?

नाव येऊ दे. या वेळी नाव हवंय.

आता ते माणूस कुठल्या गावी आहे, कुठल्या बाजूला, ते मनात पाहा. नेमकं घर माहीत नसेल. नंबर बदलला असेल. मधे बरीच वर्षं गेली असतील. त्यानं काही बिघडत नाही. त्यांना ओळखणारं एक कोणीतरी तुम्हाला माहीत असेल. एक मावशी, एक जुना वर्गमित्र, कोपऱ्यावरचा दुकानदार.

त्यांना आज विचारा. संध्याकाळी, कामावरून परतताना, किंवा आत्ता हे वाचून झाल्यावर लगेच. त्यांना माहीत नसेल, तर कोणाला माहीत असेल हे त्यांनाच विचारा.